सगळ्यांवर चार-दोन-शून्य

"हे मशीन आहे ना, हे आमच्या धाकटीनं केलंय," ताई म्हणाली.

धाकटी नुकतीच आत आली होती. कोपरापर्यंत हात धुऊन, कुणाच्याच मापाचा नसतो तो हिरवा गाऊन चढवून, कानांवर टोपी ओढून. नऊ दिवस ती काचेबाहेरूनच बघत होती, आत आज पहिल्यांदा सोडलं. खोलीत आठ काचेच्या पेट्या, आठ बाळं, आणि प्रत्येक पेटीशेजारी खांबाला अडकवलेला एकेक पंप. पंप म्हणजे काय, तर एक आडवी सिरिंज आणि तिच्या बुडाशी तिला ढकलणारा दांडा. तिसऱ्या पेटीत ताईची मुलगी. दोन महिने आधीच आलेली, अकराशे ग्रॅम, अजून नाव नाही. सगळे तिला पिल्लू म्हणायचे.

ताई हे सांगत होती खिडकीजवळच्या बाळाच्या आईला. ती बाई चार दिवसांत कुणाशी एक शब्द बोलली नव्हती, पण ताईपुढं कुणाचं मौन टिकत नाही.

"अख्खं नाही गं," धाकटी म्हणाली. "आतला एक तुकडा."

"तुकडा तर तुकडा. सही हिची आहे त्यात. हिनं सही केल्याशिवाय पंप तो तुकडा घेतच नाही. खोटं बोलतेय का मी?"

खोटं नव्हतं. तीच तर गोची. धाकटीनं पंपावरचं कंपनीचं चिन्ह बघितलं.

आता हे जरा नीट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

धाकटी काकांच्या ऑफिसात कामाला. काका सख्खे, बापाच्या पाठचे. ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. तिथं एक लायब्ररी बनते. पुस्तकांची नव्हे. पंपवाले पंप बनवतात, पण दांडा कधी, किती, कसा ढकलायचा याचं गणित ते स्वतः करत नाहीत, काकांकडून आयतं घेतात. त्या आयत्या गणिताची फाइल म्हणजे लायब्ररी. फाइल बाहेर पाठवायच्या आधी कॉम्प्युटरवर एक पान भरायचं असतं. नाव, कंपनी, वर्णन, हक्क कुणाचे, व्हर्जन कितवं. त्याखाली सहीचा भाग. कुठल्या किल्लीनं सही करायची, आणि सहीवर तारखेचा-वेळेचा शिक्का मारायचा की नाही. किल्ली म्हणजे बोटाएवढी काडी, कॉम्प्युटरला खुपसायची. ती धाकटीच्या गळ्यात असते, म्हणून काका तिला सहीबाई म्हणतात. पंप नवी फाइल घेताना सही तपासतो. दुसऱ्या कुणाची असली तर थुंकून टाकतो.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं. आता येडेपणा ऐका.

काकांच्या खुर्चीमागं भिंतीवर काचेत एक सर्टिफिकेट आहे. चौदा महिने तपासणीवाल्यांच्या दारात चपला झिजवून मिळवलेलं. त्यावर छापलंय की ही लायब्ररी, व्हर्जन ४.२.०, माणसांवर वापरायला योग्य. आकडा बदलला की सर्टिफिकेट गेलं, परत चौदा महिने. मग काकांनी उपाय काढला. आकडा बदलायचाच नाही. चूक सापडली तर दुरुस्त करायची, दहादा करायची, पण व्हर्जनच्या चौकोनात चार-दोन-शून्यच टाकायचं. आणि वेळेच्या शिक्क्यापुढची खूण काढायची, म्हणजे सही कधी केली हेही कुणाला दिसायला नको.

"काका, निदान शेवटचा आकडा तरी," धाकटी एकदा म्हणाली होती. "शून्याचा एक करू."

"हे बघ सहीबाई, आकडा म्हणजे दाराचा नंबर. घरात फरशी बदलली म्हणून कुणी दाराचा नंबर बदलतं का?"

"पोस्टमन चुकेल ना."

"नंबर तोच ठेवला तर कशाला चुकेल?"

काकांशी वाद घालणं म्हणजे स्टँडवर लावलेल्या सायकलचं पायडल मारणं. घाम येतो, सायकल तिथंच. धाकटीनं अकरा वेळा तसं पान भरलं. अकरा वेगवेगळ्या फायली, अकराच्या अकरा चार-दोन-शून्य.

त्यातली अकरावी फेब्रुवारीतली. तिच्या आधीच्या सगळ्यांत एक चूक होती. लाइट जाऊन पंप आतल्या बॅटरीवर आला की तो गेल्या मिनिटात काय ढकललं ते विसरायचा, आणि तेवढंच परत एका दमात ढकलून मोकळा व्हायचा. मोठ्या माणसाला एका मिनिटाचं औषध दोनदा गेलं तर त्याला जांभईसुद्धा येणार नाही. धाकटीनं चूक शोधली, काढली, पान भरलं, सही केली. "बोंबाबोंब नको," काका म्हणाले, "वर्षाच्या सर्व्हिसला माणूस जाईल तसतशी नवी फाइल पडेल सगळीकडे." ती हो म्हणाली. हो म्हणाली आणि डबा खायला बसली.

पिल्लू मोठं माणूस नव्हतं.

"ताई, हे कसलं औषध चाललंय?"

"दाब टिकवायचं. रक्ताचा. हे थांबलं की पडतो आणि जास्त झालं की डोक्यात चढतो, असं डॉक्टर म्हणाले. डोक्यातल्या शिरा केसाएवढ्या असतात म्हणे यांच्या." ताईनं काचेवर बोट टेकवलं. "म्हणून तर बरं वाटलं, मशीन घरचं आहे."

धाकटीनं इकडंतिकडं बघितलं आणि पंपाचं माहितीचं बटण दाबलं. पडद्यावर तीन ओळी आल्या. लायब्ररीचं नाव. कंपनीचं नाव. व्हर्जन ४.२.०.

बास. आतली फाइल जुनी का नवी, हे त्या तीन ओळींत कुठंही नव्हतं. नसणारच. तिनंच तसं भरलं होतं.

"ए पोरी! हात खाली!" मोठ्या सिस्टर ओरडल्या. पन्नाशीच्या, बारीक, आवाज मात्र अख्ख्या मजल्याला पुरेल असा. "ते काय टीव्ही आहे?"

"नाही, मी फक्त व्हर्जन..."

"व्हर्जन घरी बघ. इथं बाळ बघ."

बाळ बघायला वळताना तिला दारावरचा कागद दिसला. आज चार ते सहा लाइनच्या दुरुस्तीसाठी वीज बंद राहील. जनरेटर दहा सेकंदांत सुरू होईल. यंत्रं बॅटरीवर चालतील. कृपया घाबरू नये.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिनं कॉरिडॉरमध्ये येऊन आधी पान्हेवाल्याला फोन लावला. पान्हेवाला म्हणजे गावोगाव फिरून पंपांची सर्व्हिस करणारा. फायली तोच घालतो, घालायची केबलही फक्त त्याच्याकडेच.

"बोला सहीबाई! आज कशी काय आठवण?"

"तुम्ही इथल्या बाळांच्या वॉर्डातले पंप केलेत का? कधी केलेत?"

"थांबा, वही बघतो. केलेत की. काही मार्चमध्ये, काही त्याच्या आधी. सगळ्यांपुढं चार-दोन-शून्य लिहिलंय, एकदम ओके."

"मार्चमध्ये कुठली फाइल घातलीत? नवी का जुनी?"

"चार-दोन-शून्य."

"अहो, दोन्ही चार-दोन-शून्यच आहेत! फेब्रुवारीत नव्या फाइलची काडी दिली होती ना मी तुमच्याकडं?"

"दिलीत की. आहे ना माझ्याकडं. दोन काड्या आहेत, दोन्हीवर चिठ्ठी चिकटवलीये." तो थांबला. मग आवाज खाली आला. "दोन्ही चिठ्ठ्यांवर चार-दोन-शून्यच लिहिलंय हो."

"मग तुम्ही कुठली वापरता?"

"जी हाताला लागेल ती. सेमच आहेत म्हणून." वही मिटल्याचा आवाज आला. "सेम नाहीयेत का?"

धाकटीला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. पण त्याचं काय चुकलं? आकडा बघून चालणारा माणूस आकडा बघून चालला. तो लगेच निघाला तरी पाच तासांच्या वाटेवर होता.

मग काकांना. काकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्यामागं खालच्या दुकानातली घंटी वाजली, मग त्यांचा श्वास ऐकू आला.

"पिल्लूच्या पंपात नवीच असेल गं," काका म्हणाले.

"कशावरून?"

"असेल."

"काका, कशावरून?"

"मार्चमध्ये सर्व्हिस झाली म्हणतोस ना तू..." काका घाबरले की धाकटीशी मुलाशी बोलल्यासारखं बोलायचे. "आणि हे बघ, आत्ता कुणापुढं तोंड उघडू नकोस. आई-बाप घाबरतील. आपल्याच घरातली पोर आहे ती, मला काय वाटत नसेल का? पण साडेतीनशे पंप आहेत बाहेर. सगळ्यांवर तोच आकडा. तू एक शब्द बोललास की साडेतीनशे ठिकाणी..."

"साडेतीनशे ठिकाणी काय, काका?"

पलीकडं पुन्हा घंटी वाजली. तिनं फोन ठेवला.

तळघरात हॉस्पिटलची यंत्रं सांभाळणारे साहेब बसायचे. दोन बाजूंना मोडक्या खुर्च्या आणि चाकं निघालेले पलंग, मध्ये टेबल, टेबलावर साहेब. म्हणजे टेबलावर चढून बल्ब बदलत होते. तिथूनच त्यांनी तिचं ऐकलं.

"लाइट नाही थांबवता येणार," ते म्हणाले. "ती लाइन आमची नाहीच. अख्ख्या भागाची आहे."

"जनरेटर आधीच चालू करून ठेवा ना मग."

"ठेवला तरी लाइन तुटल्याशिवाय तो घेत नाही. दहा सेकंद जातातच. मोठी बॅटरी आहे, ती फक्त ऑपरेशनच्या खोल्यांना." ते खाली उतरले. "मॅडम, तुम्ही कंपनीच्या ना? मग लिहून द्या. तोंडी सांगितलेलं मला चालत नाही."

तिनं त्यांच्याच पॅडवर लिहिलं. लायब्ररीचं नाव, चूक काय, धोका काय, खाली आपली सही. पेननं केलेली. साहेबांनी चष्मा लावून वाचलं.

"चार-दोन-शून्य सदोष आहे. बरं. मग चांगली कुठली?"

"चार-दोन-शून्य."

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"माझी फिरकी घेताय का?"

"नाही हो साहेब. आकडा एकच आहे. आत दोन फायली आहेत. बाहेरून कळत नाही."

"मग कळतं कशानं?"

"लाइट घालवूनच कळतं. दुप्पट ढकललं तर जुनी. नाही ढकललं तर नवी."

साहेब टेबलाला वळसा घालून गेले. मग कोपऱ्यातल्या कपाटातून त्यांनी एक पंप काढला. झाकण तुटलेलं, म्हणून वॉर्डातून परत आलेला, बाकी धडधाकट. सिरिंजमध्ये पाणी भरलं, पंप लावला, पाच मिनिटं चालू दिला. पडद्यावर ढकललेल्या पाण्याचा आकडा कणाकणानं चढत होता. साहेबांनी तिच्याकडं बघितलं आणि प्लग उपटला.

आकडा एकदम टुणकन उडाला.

"आयला," साहेब म्हणाले.

म्हणजे इथं जुनी फाइल होती. हॉस्पिटलात तरी होती. पिल्लूच्या पंपात होती का, ते हे बघून कळत नव्हतंच. आता फक्त नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

तीन वाजले होते.

मोठ्या सिस्टरनी साहेबांचं ऐकलं, तिचं नाही. साहेब हातवारे करून सांगत होते, सिस्टर कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या, आणि धाकटी बाजूला शाळेतून हाकललेल्या पोरासारखी उभी होती.

"दुसऱ्या हॉस्पिटलातून पंप मागवले तर?" सिस्टरनी विचारलं.

"गावात सगळीकडं हेच पंप आहेत. त्यांच्यावरही चार-दोन-शून्यच," धाकटी म्हणाली.

सिस्टरनी आता तिच्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. "आधीच थांबवून ठेवला तर काय करतो तो?"

धाकटीनं डोळे मिटले. डोक्यात फाइल उघडली, ओळ न् ओळ बघितली. "पूर्ण एक मिनिट आधी थांबवला तर शेवटचं मिनिट शून्य. मग परत ढकलायलाही शून्यच."

"पाच बाळांना एक मिनिट चालेल. नुसतं साखर-पाणी चाललंय त्यांना. तिघांना नाही चालायचं. खिडकीजवळचा, सातवी पेटी, आणि तुमचं." सिस्टरनी बोटांवर तिघं मोजली. "तुमच्या पोरीची सिरिंज सकाळी बदलली, वीस सेकंदांत दाब पडला. मिनिटभर थांबवला तर मी नंतर तिच्या आईला काय सांगू?"

"नळी चिमट्यानं दाबून धरली तर?"

"साठून राहतं आणि सोडलं की सगळंच आत जातं. शिकवू नकोस मला."

डॉक्टर आले. वयानं धाकटीएवढेच असतील. त्यांनी ऐकलं, मान हलवली, म्हणाले की तिघांचं औषध किंचित कमी करू, फार केलं तर दाब पडेल. आणि प्रत्येकापाशी एक जण उभा राहील. त्याहून जास्त काही नव्हतंच त्यांच्या हातात. कुणाच्याच नव्हतं.

ताईला एवढंच सांगितलं की लाइट जाणार आहे, म्हणून जरा काळजी घेतोय. ताई म्हणाली, "हो, वाचलं मी दारावर. घाबरू नये म्हणून लिहिलंय."

चारला दोन मिनिटं असताना पाच पंप थांबवले. त्यांचे पाच आवाज एकदम कमी झाले आणि खोली अचानक मोठी वाटायला लागली. डॉक्टर खिडकीशी, दुसऱ्या एक सिस्टर सातव्या पेटीशी, मोठ्या सिस्टर पिल्लूपाशी. धाकटी त्यांच्या मागं. तिच्या डोळ्यांपुढं दोन पडदे. पंपाचा, त्यावर गेलेलं औषध. आणि वरचा, त्यावर पिल्लूचा दाब. एकतीस. बत्तीस. एकतीस.

ती मनात एकच म्हणत होती, नवी असू दे, नवी असू दे. आपणच केलेली वस्तू कुठली आहे हे माहीत नाही म्हणून माणूस तिच्यापुढं हात जोडतो, याहून मूर्ख गोष्ट जगात असेल का? पण जोडले होते.

लाइट गेली.

पंपाच्या पडद्याचा रंग बदलला, बॅटरीची खूण आली. आणि आकडा टुणकन उडाला.

"जुनी," धाकटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

एकतीस. चौतीस. एकेचाळीस. पिल्लूचे पाय, काडीएवढे, एकदम ताठ झाले. एकोणपन्नास. अठ्ठावन्न. वरचा पडदा टिवटिवायला लागला. मोठ्या सिस्टरनी औषध आणखी खाली आणलं, बोटं पंपावर, डोळे वर. दिवे आले. कुणी वर बघितलंसुद्धा नाही. अठ्ठावन्न. सत्तावन्न. त्रेपन्न. चार मिनिटं लागली पस्तीसवर यायला. त्या चार मिनिटांत धाकटीनं काय केलं? काही नाही. गाऊनची नाडी बोटाला गुंडाळली आणि सोडली.

खिडकीजवळच्याचाही उडाला होता. तो नऊशे ग्रॅमचा. सातव्या पेटीचा नव्हता उडाला, त्या पंपात नवी फाइल निघाली.

"हिच्या डोक्यात काही...?" धाकटीनं डॉक्टरांना कोपऱ्यात गाठून विचारलं.

"उद्या सकाळी सोनोग्राफी करू दोघांची. आज केली तरी लगेच दिसत नाही." डॉक्टरांनी मास्क नीट केला. "एकदा झालं त्याचं बहुतेक काही होत नाही. परत परत व्हायला नको."

"परत नाही होणार," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला कळलं. सहाला लाइन परत येणार. जनरेटर सुटणार, लाइन धरणार. मध्ये पुन्हा दहा सेकंद.

मोठ्या सिस्टरना ते आधीच कळलं होतं. त्यांनी थांबवलेल्या पाच पंपांपैकी पहिला बाळाच्या नळीवरून सोडवून ट्रॉलीवर ठेवलाही होता. "ये इकडं," त्या म्हणाल्या. "पाणी भर. एकेक करून बघू. नवा सापडला तर लावते बदलून."

मग दोघी बसल्या. चारच्या आधी हे कुणालाच सुचलं नव्हतं. सिस्टर एकेक पंप आणायच्या, धाकटी पाणी भरायची, पाच मिनिटं चालवायची, प्लग उपटायची. पहिला उडाला. दुसरा उडाला. सिस्टर काही न बोलता पंप परत लावून यायच्या आणि पुढचा आणायच्या. तिसरा. तिसरा पण उडाला. प्रत्येक उपटलेल्या प्लगबरोबर धाकटीला आपण भरलेलं ते पान दिसत होतं, तोच चौकोन, तोच आकडा, आणि शिक्क्यापुढची खूण काढणारं आपलंच बोट. अर्ध्या सेकंदाचं काम असतं ते.

चौथा उडाला नाही.

दोघी पडद्यावर वाकल्या. आकडा तसाच, कणाकणानं. बॅटरीची खूण होती आणि आकडा शहाण्यासारखा चालत होता. धाकटीच्या तोंडून हसू बाहेर पडलं. रडू होतं खरं तर, पण बाहेर पडताना हसू झालं.

पाचवा उडाला.

म्हणजे नवा एक. आणि जुन्यावर, ज्यांना थांबवता येत नाही अशी, बाळं दोन.

मोठ्या सिस्टरनी नवा पंप छातीशी धरला आणि त्या दोन पेट्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. फार वेळ नाही. नऊशे ग्रॅम आणि अकराशे ग्रॅम. खिडकीजवळच्याचा दाब मघाशी बहात्तरवर गेला होता. त्या खिडकीकडं वळल्या.

धाकटीनं ट्रॉली ढकलून दिली त्यांना. दुसरं काय करणार? पंप त्यांनी पिल्लूला लावला असता तर ती त्या बाईच्या डोळ्यांत बघू शकली नसती. आता ताईच्या डोळ्यांत बघायचं होतं.

ताई मूर्ख नाही. दोन तास ती सगळं बघत होती.

"त्याला बदलला," ताई म्हणाली. "आपल्याला का नाही बदलला?"

"एकच होता गं चांगला."

"आणि आपला वाईट आहे?"

"हो."

"कशावरून कळलं?"

"मघाशी लाइट गेली तेव्हा."

"आणि लाइट परत कधी यायचीये?"

धाकटीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सहाला अकरा कमी. ताईनंही बघितलं.

"मला ही चूक माहीत होती, ताई," धाकटी म्हणाली. आता थांबवून ठेवता येत नव्हतं. "फेब्रुवारीपासून. मी ती काढली होती. पण आकडा तोच ठेवला. काका म्हणाले म्हणून, पण ठेवला मीच. त्यामुळं कुठल्यात काढलीये आणि कुठल्यात नाही, ते कुणालाच कळत नाही. मलापण नाही."

तिला वाटलं ताई ओरडेल. लहानपणी कंगवा हरवला तरी ताई गल्ली डोक्यावर घ्यायची. पण ताई हळूच म्हणाली, "म्हणजे तुला येत होतं ते."

"हो."

"नीट करायला येत होतं."

"हो, ताई."

ताईनं स्टूल उचललं, पेटी आणि धाकटी यांच्या बरोबर मध्ये ठेवलं आणि त्यावर बसली, पेटीकडं तोंड करून. गोल भोकातून हात आत घालून तिनं पिल्लूचे दोन्ही पाय मुठीत धरले. एका मुठीत मावले.

खिडकीजवळच्या बाळाची आई आपल्या जागेवरून हे बघत होती. तिला काय झालंय ते माहीत नव्हतं, आपल्याकडं नवा पंप का आला तेही नाही. तिनं धाकटीकडं बघून जरासं हसून मान डोलावली, आभार मानल्यासारखी. धाकटीला ते सहन झालं नाही. तिनं नजर फिरवली.

खालून साहेबांचा आवाज आला, जिन्यातून, दोन मिनिटं राहिली म्हणून. पाच पंपांचे आवाज, खिडकीवरून साखर-पाण्याच्या बाळाकडं गेलेल्या जुन्यासकट, परत एकेक करून बंद झाले. डॉक्टरांनी पिल्लूचं औषध किंचित कमी केलं. मोठ्या सिस्टर हात पुसत तिसऱ्या पेटीशी आल्या. ताईच्या खांद्यावर त्यांनी एक हात ठेवला, दुसरा पंपावर.

"बाजूला हो," त्या म्हणाल्या.

ताईला नाही. धाकटीला.

ती बाजूला झाली.